‘इंग्रजी येत नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही?

पाचवीच्या विज्ञानाच्या चाचणीत एक प्रश्न होता: झाडं पाणी कशी घेतात? प्रश्न अर्थातच इंग्रजीत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने त्याखालच्या चारही ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या. तिचे वडील कुळागरात, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) बागेत, कामाला जातात. मी इंग्रजी शिकवते, पण शाळा लहान असली की विज्ञानाचे तासही वाट्याला येतात, त्यामुळे तो पेपर माझ्याच हातात आला. दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि तोच प्रश्न कोकणीत विचारला. ती बोलायला लागली ती थांबेचना. पोफळीच्या मुळाशी आळं कसं करतात, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात कसं सोडतात, पाणी अगदी बुंध्याला लावायचं नसतं. का गं? तर म्हणाली, “बारीक पाळां पयस आसतात, टीचर.” बारीक मुळं लांबवर असतात, हे तिने कुणाच्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

पेपरात तिला शून्य होतं. ते शून्य कशाला दिलं होतं? विज्ञानाला नक्कीच नाही.

गोव्यात हे दृश्य दरवर्षी दिसतं, आणि त्याचं कारण आपल्या शाळांच्या रचनेतच आहे. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या. तिथे इंग्रजी पहिलीपासून असते, पण एक विषय म्हणून. चौथी झाली की मूल हायस्कुलात येतं, आणि बहुतेक हायस्कुलांचं माध्यम इंग्रजी. म्हणजे एका सुट्टीपुरत्या अंतराने तेच मूल परिसर, गणित, इतिहास असं सगळं इंग्रजीतून शिकायला लागतं. त्यात मराठी शाळेतल्या मुलाची घरची भाषा मराठीच असेल असंही नाही. बऱ्याच घरांत कोकणी बोलतात. मराठी ही शाळेची, वाचनाची, भजन-कीर्तनाची भाषा असते. वास्को, म्हापसा, फोंडा, डिचोलीकडच्या सरकारी शाळांत कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं भरपूर असतात. त्यांच्या घरात कन्नड, हिंदी, लमाणी चालते. त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. कधीकधी चौथीसुद्धा.

माध्यमाच्या वादावर गोव्यात पुष्कळ बोललं गेलंय. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या निर्णयावरून सगळा गोवा ढवळून निघाला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावं, असं म्हटलं आहे. मला ते पटतं. पण वाद मिटेपर्यंत पाचवीतलं मूल थांबून राहत नाही. ते आज माझ्यासमोर बसलेलं आहे. म्हणून इथे एवढाच प्रश्न घेते: हाताशी असलेल्या वर्गात, हाताशी असलेल्या वेळेत, इंग्रजी अशी कशी शिकवायची की कुणी दाराबाहेर राहणार नाही? परिपत्रकांत यालाच ‘समावेशक शिक्षण’ म्हणतात.

माझ्या अनुभवात सुरुवात एका गोष्टीपासून होते. ‘या मुलाला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य बोलायचं सोडून द्यायचं. त्या एका वाक्याखाली चार-पाच अगदी वेगळ्या अडचणी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. तापाला सरसकट एकच गोळी दिली तर काहींचा उतरेल, काहींचा वाढेल.

पहिली अडचण त्या कुळागरातल्या मुलीची: ज्ञान आहे, भाषा नवी आहे. कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक दाखवून दिला, तो प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. बोलण्याची भाषा वेगळी, अभ्यासाची भाषा वेगळी. ‘माझं पेन दे’, ‘मी पाणी पिऊन येऊ का’ ही बोलण्याची भाषा. समोरचा माणूस, हातवारे, प्रसंग असं सगळं मदतीला असतं. ‘मुळं पाणी शोषून घेतात, कारण...’ ही अभ्यासाची भाषा. तिथे आधाराला फक्त शब्द असतात. परमुलखात आलेल्या मुलांना नवी भाषा बोलण्यापुरती यायला साधारण दोन वर्षं पुरतात, पण अभ्यासापुरती यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. आणि ही मुलं कुठली? शाळेबाहेर पडल्यावर रस्त्यात, दुकानात, टीव्हीवर सगळीकडे इंग्रजीच ऐकणारी. आमच्या वाळपईच्या बाजारात इंग्रजी किती कानावर पडते? मग चौथीतून पाचवीत आलेल्या मुलाकडून आपण तीन महिन्यांत काय मागतो, याचा जरा विचार करा.

दिलासा देणारी गोष्टही कमिन्स यांनीच सांगितली. एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत पुन्हा शून्यातून कमवावी लागत नाही. मुळांचं काम कोकणीत पक्कं कळलं असेल, तर इंग्रजीत फक्त नवी नावं शिकायची उरतात. म्हणून वर्गात घरच्या भाषेला मज्जाव करणं हे माझ्या मते सगळ्यांत नुकसानीचं. मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात कोकणी बोलणाऱ्याला उभं करायची पद्धत होती. मीही उभं केलं आहे. त्या मुलांनी त्या वेळी इंग्रजी शिकली नाही, तोंड बंद ठेवायला शिकली. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग घरची भाषा वापरायची कशी? पूर्ण धडा मराठीत सांगून टाकला तर इंग्रजीचा तास वाया जातो, ही शंका रास्त आहे. आमच्या वर्गात गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मी एक तास घेतला, तो सांगते. क्रियापद एकच: ‘हँग’, टांगणे. पहिली पाच-सात मिनिटं मुलांनी शेजारच्याशी आपल्या भाषेत बोलायचं: सणाला आपल्या घरी काय टांगतात आणि कशासाठी? घरात चतुर्थी असलेली मुलं लगेच माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात त्या चौकटीवर, आली. नारळ, सुपारीचा घोस, तोरंजन, चिबूड, कांगलं, कवंडळं. रानातली ही फळं डोंगरावर जाऊन कोण आणतं यावर दोघांत भांडणही झालं. ख्रिस्ती मुलाने नाताळातलं नखेत्र, म्हणजे कागदी चांदणीचा कंदील, सांगितलं. एका मुलीने ईद-ए-मिलादच्या दिव्यांच्या माळा सांगितल्या. मागच्या बाकावरची कन्नड बोलणारी दोन मुलं मी मुद्दाम शेजारी बसवली होती. त्यांनी आंब्याच्या पानांचं तोरण सांगितलं. त्यांच्याही घरी त्याला तोरणच म्हणतात हे ऐकून सगळा वर्ग त्यांच्याकडे वळून बघायला लागला. तोवर त्या दोघांना वर्गात कुणी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

नंतर फळ्यावर वाक्याचा साचा दिला: ‘वी हँग अमुक, बिकॉज तमुक.’ ज्यांना जड जात होतं त्यांनी फक्त रिकाम्या जागा भरल्या. ज्यांना जमत होतं त्यांनी तीन वाक्यं लिहिली. दोघी-तिघींनी अर्धं पान लिहिलं, त्यात ‘हँग’चा भूतकाळ ‘हंग’ होतो हेही स्वतःहून विचारून घेतलं. माटोळी, नखेत्र, तोरण हे शब्द तसेच राहू दिले, कारण त्यांना इंग्रजीत नेमके शब्दच नाहीत. तास संपला तेव्हा प्रत्येकाच्या वहीत निदान एक तरी पुरं इंग्रजी वाक्य होतं, आणि त्यात त्याच्या घरातली एक वस्तू होती. विचार आपल्या भाषेत आणि मांडणी इंग्रजीत, एवढाच हा प्रकार. एकाच तासात दोन भाषा ठरवून वापरण्याच्या अशा पद्धतीची चर्चा १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या वेल्सच्या शाळांतून सुरू झाली. तिथेही एक मोठी इंग्रजी आणि एक घरची वेल्श, असाच मामला होता.

चुकांकडेही याच नजरेने बघावं लागतं. मूल लिहितं: ‘टू मी फीवर केम.’ लाल पेन उचलण्याआधी हे मराठीत म्हणून बघा: मला ताप आला. त्याने शब्दाला शब्द अगदी इमानेइतबारे मांडला आहे. मराठीत ताप माणसाकडे येतो, भूक माणसाला लागते. इंग्रजीत माणूस ताप ‘बाळगतो’ आणि भुकेला ‘असतो’. हा फरक एकदा फळ्यावर दोन रंगांत मांडला की मुलांना त्यात गंमत वाटते. इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं आपल्या भाषांत नाहीतच, त्यामुळे ती चूक वर्षानुवर्षं राहणार. तिच्यासाठी पाचवीत गुण कापू नयेत असं माझं ठाम मत आहे. उत्तर भारतातून आलेलं मूल ‘इस्कूल’ म्हणतं, मराठी मूल म्हणत नाही. ‘झू’मधला आवाज मराठी मुलाला ‘जहाज’मधल्या ‘ज’वरून चटकन सापडतो. पण ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेस्ट’ म्हणजे बनियन या दोन शब्दांतला फरक आपल्या कानाला कळतच नाही, कारण आपल्याकडे ‘व’ एकच. तिथे आरसा घेऊन बसायचं: एका ‘व’ला ओठांचा गोल होतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात.

आता दुसरी अडचण, आणि ही भाषेची नाही, लिपीची आहे. देवनागरीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. ‘क’ला ‘क’ म्हणतात आणि तो ‘क’च वाजतो. चार वर्षं हे शिकलेल्या मुलाला आपण सी-ए-टी दाखवतो. त्याच्या हिशेबाने ते ‘सीएटी’च व्हायला हवं. ‘कॅट’ कुठून आलं? ‘एच’ या नावात ‘ह’ नाही, ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ नाही. अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४, त्यामुळे एकेका अक्षराला दोन-तीन कामं करावी लागतात. मूल गोंधळतं ते मठ्ठ म्हणून नाही. त्याचा तर्क शाबूत आहे म्हणून. इंग्रजीच ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही हे जड जातं. २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांची तुलना प्रसिद्ध झाली. शाळेचं पहिलं वर्ष संपताना फिनिश, इटालियन, स्पॅनिश, जर्मन मुलं ओळखीचे जवळपास सगळे शब्द बरोबर वाचत होती. इंग्रजी शिकणारी मुलं जेमतेम एक तृतीयांश.

उपाय म्हणजे आधी आवाज, नावं मागून. म, स, ट, प असे आवाज घेऊन लहान शब्द बांधत जायचं. कानावर ‘मॅट’, ‘सॅट’, ‘पॅट’ पडले पाहिजेत, स्पेलिंगचं घोकणं नंतर. शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहायची सवय पुष्कळ मुलांना असते. सुरुवातीला मी लिहू देते, पण दिवाळीनंतर हळूहळू काढून घेते. नाहीतर मूल वरचंच वाचत राहतं, खालच्या शब्दाकडे डोळाही जात नाही.

तिसरी अडचण ओळखायला कठीण: वाचनाचीच अडचण, जिला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी चांगली, डोळे चांगले, पण मेंदूत अक्षर आणि आवाज यांची सांगड चटकन बसत नाही. आमच्याकडे अशा मुलांना ‘आळशी’ म्हणून मोकळं होतात. ओळखायची एक साधी सुरुवात अशी: मुलाला मराठी वाचायला द्या. मराठी घडाघडा वाचतं आणि इंग्रजीत अडतं, तर अडचण बहुधा भाषेची आणि लिपीची. मराठीतही जोडाक्षरं, रफार, वेलांट्या गळत असतील, ओळ सुटत असेल, आणि हे सराव देऊनही वर्षभर तसंच असेल, तर तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. पण ही कसोटी डोळे झाकून वापरू नका. देवनागरी सरळ असल्याने तिच्यात सौम्य डिस्लेक्सिया झाकून राहू शकतो आणि इंग्रजीत आल्यावर उघडा पडतो. उलट, कन्नड घरातल्या मुलाला मराठीच नीट शिकायला मिळालेली नसेल तर दोन्हीकडे तो अडेल, आणि त्याला काहीही विकार नसेल. शिक्षिकेने निदान करायचं नसतं. तिने नोंदी ठेवायच्या, तारखेनिशी, आणि पालकांशी बोलायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे २१ प्रकार मान्य केले आहेत त्यांत अशा अध्ययन-अक्षमता आहेत. रीतसर तपासणी आणि दाखला झाला तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. दाखला म्हणजे पोरावर शिक्का, असं समजून किती पालक मागे सरतात! त्यांना घरी बसून, चहा पितापिता समजवावं लागतं. शाळेच्या ऑफिसात ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.

ऐकू कमी येणाऱ्या मुलांबद्दल थोडक्यात: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ दिसू द्या, महत्त्वाचं लिहून दाखवा. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे आणि तिचा दहा हजार शब्दांचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. आणि हे ‘त्यांच्यासाठी’च आहे असं समजू नका. आषाढात पत्र्याच्या छपरावर पाऊस पडायला लागला की वर्गातल्या कुणालाच काही ऐकू येत नाही. तेव्हा फळ्यावर लिहिलेलं सगळ्यांच्याच कामी येतं.

अंध मुलांच्या बाबतीत एक फार सुंदर गोष्ट आहे. भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या भारती ब्रेलमध्ये अक्षरं आवाजावरून लावली आहेत. त्यामुळे मराठी ‘म’चे ठिपके आणि इंग्रजी ‘एम’चे ठिपके एकच. तेच ‘ल’चं, ‘प’चं, ‘न’चं, ‘स’चं. डोळस मुलाला जिथे नवी लिपी डोंगरासारखी समोर येते, तिथे मराठी ब्रेल येणाऱ्या मुलाच्या बोटांना निम्मी वाट ओळखीची असते. त्याला इंग्रजी ‘झेपणार नाही’ असं ठरवून टाकणाऱ्यांनी हे एकदा हात लावून बघावं.

या सगळ्यामागे एकच विचार आहे, आणि तो मुळात इमारतींचा. रॉन मेस नावाचे अमेरिकन वास्तुरचनाकार स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांचं म्हणणं असं की इमारत बांधून झाल्यावर कोपऱ्यात उतार जोडण्यापेक्षा ती मुळातच सगळ्यांना चालेल अशी आखावी. शिक्षणात हाच विचार अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेने मांडला. मी पालकांना सांगते तेव्हा फेरीबोटीचं उदाहरण देते. रायबंदरहून चोडणला जाणारी बोट धक्क्याला लागते, पुढची लोखंडी फळी खाली टेकते, आणि त्याच फळीवरून मासळीची पाटी घेतलेली बाई चढते, स्कूटर चढते, काठी टेकणारे आजोबा चढतात, व्हीलचेअरही चढते. वेगवेगळ्या शिड्या लावत नाहीत. पणजीत २०२३ च्या जानेवारीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सव झाल्यापासून गोव्यात उतारांबद्दल, रॅम्पबद्दल बरंच बोललं जातं, ते चांगलंच आहे. पण धड्यालाही फळी लागते. धडा वाचूनही दाखवायचा, चित्रातूनही, वस्तू हातात देऊनही. उत्तर लिहून, बोलून, काढून दाखवू द्यायचं. आणि धडा मुलाला आपला वाटेल असं त्यात काहीतरी ठेवायचं. एका वर्गात पंचेचाळीस मुलं आणि एकच शिक्षिका असताना पंचेचाळीस वेगळे धडे कुणालाच शक्य नाहीत. एकच धडा, तीन दारांचा, हे मात्र जमतं. मलाही ते सगळ्या तासांना जमत नाही. आठवड्यातून दोन तास तसे आखले तरी फरक दिसतो.

परीक्षेबाबतही एवढंच विचारायचं: या प्रश्नाने मला काय मोजायचं आहे? इंग्रजीच्या पेपरात स्पेलिंग मोजा. विज्ञानाच्या पेपरात मुळांचं काम मोजायचं असेल तर आकृती काढून बाण दाखवले तरी उत्तर पुरं धरा. शब्दांची छोटी यादी प्रश्नाच्या वर छापली तर कुणाचंही ज्ञान फुकटात वाढत नाही. आम्ही शाळेत हा बदल मागितला तेव्हा ‘दर्जा घसरेल’ असं उत्तर मिळालं. चाचणी परीक्षांपुरती तरी परवानगी मिळाली, वार्षिकला अजून नाही.

त्या मुलीला मी त्या दिवशी व्हरांड्यातच गुण दिले. मार्चमधल्या चाचणीत तसाच प्रश्न पुन्हा आला. यादी वर छापलेली होती: रूट, वॉटर, सॉइल, स्टेम. तिने आधी पोफळ काढली, आळं काढलं, मुळं अगदी कागदाच्या कडेपर्यंत नेली. खाली दोन वाक्यं लिहिली: ‘रूट्स टेक वॉटर फ्रॉम सॉइल. माय फादर ओपन द पाट.’ दुसऱ्या वाक्यातल्या क्रियापदाला एक अक्षर कमी होतं. तिथे मी पेन्सिलीने बारीकशी खूण केली आणि पूर्ण गुण दिले. ‘पाट’ या शब्दाला काहीच केलं नाही.